दुसऱ्यांदा उडालं तर खरं!

"मैनेनेच लपवलंय यान! दुसरं कोण?" बाळा कमरेवर हात ठेवून ओरडला.

"मी कशाला लपवू?" मैना उसळली.

"काल तूच म्हणालीस ना, ‘जळो मेली तुझी कोलंबिया!’" गोदा खाली बघत पुटपुटली. गोदा, तिची जिवाभावाची मैत्रीण!

म्हणाली होती खरी. दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून आतेभाऊ रघू आला आणि भाट्याच्या किनाऱ्यावर मैनेला कुणी विचारेनासंच झालं. चिंबोऱ्या-खेकडे कुठे सापडतील, होडी कधी लागेल, हे सगळं पोरं आधी तिला विचारायची. आता ऊठसूट रघू! त्याने थर्माकोलचं हातभर लांब यान बनवलं होतं, पोटाला काळी शाई फासलेलं. काल संध्याकाळी मैनेच्या गंगारामकाकांच्या पडवीत ते मांडून तो सांगत होता, आणि सगळे तोंड उघडं टाकून ऐकत होते.

"अग्निबाण एकदा गेला की गेला. पण ही अमेरिकेची कोलंबिया अवकाशात जाऊन परत येते! एप्रिलमध्ये गेली होती, तीच आता पुन्हा उडाली. रेडिओवर सांगितलं. उडताना उभी, मग दीड तासात पृथ्वीला एक फेरी! परतताना शेपूट पुढे करून इंजिन पेटवायचं, म्हणजे वेग कमी होऊन ती खाली येऊ लागते. मग हवेत शिरताना पोट लालबुंद!"

"आतली माणसं भाजत नाहीत?" गोदाने विचारलं.

"पोटाला खास कौलं चिकटवलेली असतात. बाहेर आग, आत गार! या थर्माकोलसारखीच, उष्णता आत शिरू देत नाहीत. शेवटी तर इंजिन बंद! नुसती तरंगत उतरते."

"घारीसारखी," मैना म्हणाली. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हाच ते ‘जळो’ तोंडातून निसटलं.

आणि आज यान गायब! रघूचे डोळे लाल झाले होते.

"शोधून दाखवते!" मैना म्हणाली.

पडवीच्या पायरीशी पांढरे दाणे सांडले होते.

"साबुदाणा!" बाळा म्हणाला.

"मेल्या, फुंकर मारून बघ!"

दाणे भुर्रकन उडाले. थर्माकोल! वाटेवरच्या गवतात अडकलेल्या दाण्यांचा माग काढत चौघं किनाऱ्यावर पोचली. तिथे गंगारामकाकांच्या शेजारी मासळी विकणारी आवडाबाई आपल्या पेटीपाशी कुरकुरत होती. "माझ्या बर्फाचं झालं पाणी! आणि ह्या गंगारामाचा बघा, दगडासारखा!"

मैनेने कान टवकारले. "कुणी काही बोलू नका हां," ती कुजबुजली आणि गोड आवाजात म्हणाली, "काका, सगळ्यांचा बर्फ विरघळला. तुमचाच कसा हो टिकला?"

काका फुलले. "डोकं लागतं गो, डोकं! हे बघ!"

त्यांनी ऐटीत झाकण उघडलं. झाकणाला आतून रघूचं यान ठोकून बसवलं होतं, पंख कापून! खालच्या सुरमईचं तोंड शाईने काळं झालं होतं.

"मामा! माझी कोलंबिया!" रघू ओरडला.

काका गडबडले. "अरे, पडवीत पडलेलं... टाकाऊ वाटलं मला. तूच म्हणालास ना, उष्णता शिरत नाही!"

"आणि मासळीला काजळ कशाला रे घातलंस?" आवडाबाई खो खो हसली. काकांनी कान पकडले.

मोडलं एकदाचं! क्षणभर मैनेला बरं वाटलं. मग तिला रघूचा चेहरा दिसला, आणि ते बरं वाटणंच चिंबोरीसारखं चावलं.

"काका, डिंक आणा," ती म्हणाली. "कोलंबिया दुसऱ्यांदा उडाली ना? मग हीसुद्धा उडेल!"

संध्याकाळी सुरूच्या बनाशी, वाळूच्या उंचवट्यावर सगळे जमले. पंख जोडलेल्या यानाला सुरमईचा वास येत होता. रघूने हात उगारला.

"थांब!" मैना ओरडली. "वाऱ्याकडे पाठ करून सोडलंस तर नाकावर आपटेल. वारा समुद्रावरून येतोय, तिकडे तोंड कर."

रघूने तिच्याकडे पाहिलं. "कुठे उतरवू?"

सगळे मैनेकडे बघू लागले. ती धावत खाली गेली आणि ओल्या वाळूत टाचेने लांब रेघ ओढली.

यान सुटलं. डुललं, कललं, सावरलं, खाऱ्या वाऱ्यावर तरंगत आलं आणि रेघेला अलगद पोट टेकून थांबलं!

"चुकलो गो मैना," बाळा म्हणाला. गोदाने येऊन तिचा हात धरला.

"शाबास!" काकांनी खाली येऊन मैनेच्या पाठीवर थाप मारली. "यान रघूचं, पण वारा मैनेचा!"

"पुन्हा?" रघूने वरून विचारलं.

"पुन्हा!" म्हणत मैनेने यान उचललं आणि ती उंचवट्याकडे धावत सुटली.