धरणाकडे जातो म्हणालेले आजोबा

"बाबा काल धक्क्यावरच्या दुकानात सगळ्यांसमोर म्हणालेत, धरणाकडे जातो म्हणून. मग धरणापाशीच असणार," हार्लनमामाने बोटीचा दोर सोडला. "तुम्ही तिघं इथेच बसायचं. धक्क्यावरून हललात तर याद राखा."

मामाची बोट धुक्यात शिरली आणि दिसेनाशी झाली. शेरिफची पोलीस बोट आधीच तिकडे गेली होती. आजोबा पहाटे एकटेच होडी घेऊन गेले होते. त्यांच्यासाठी झाकून ठेवलेला मक्याचा पाव केव्हाच थंड झाला होता, आणि ऑक्टोबरचं हे मेलं धुकं काही हटत नव्हतं.

"एक गोष्ट नक्की," डेल म्हणाली. "आजोबा धरणाकडे नाहीत."

"कशावरून?" मामाचा मुलगा रूफस तिच्याहून वर्षाने मोठा, म्हणून प्रत्येक गोष्टीला पुरावा मागायचा.

"स्ट्रायपर माशांची जागा त्यांनी आजवर कुणाला खरी सांगितली आहे?"

त्या तलावावर मासेमारी करणारा एकही माणूस आपली जागा खरी सांगत नसे. पाद्रीबाबांनी विचारलं, तेव्हा आजोबांनी चर्चच्या पायरीवर उभं राहून त्यांना भलताच किनारा दाखवला होता.

"मग धरण सोडून अख्खा तलाव उरला," रूफस म्हणाला. "बस शोधत."

"पाण्यालाच विचारू," डेल म्हणाली आणि दुकानातल्या आमिषाच्या टाकीतला थर्मामीटर काढून घेऊन आली. त्यावर आजोबांनी आजीच्या नेलपॉलिशने एक लाल रेघ ओढली होती. उन्हाळाभर स्ट्रायपर धरणापाशी खोल, गार पाण्यात दडून बसतो. थंडी पडली की ओढ्यांच्या तोंडचं उथळ पाणी आधी निवतं. शॅड नावाचे चिमुकले मासे तिकडे धाव घेतात, आणि त्यांच्यामागे हे पट्टेरी दांडगे. पारा लाल रेघेवर आला की आजोबा दुसरीकडे कुठेही थांबत नसत.

डेलचा धाकटा भाऊ टोबी तिचा हात सोडायला तयार नव्हता. तिघंही काठाकाठाने निघाले. रूफसने दुकानातला, तलावावरच्या सगळ्या बोटींशी बोलता येणारा छोटा रेडिओ खिशात घातला. धक्क्यापाशी पारा रेघेच्या बराच वर होता. पहिल्या ओढ्यापाशीही वरच. दुसरा ओढा, सिकमोर, डोंगराच्या सावलीतला. तिथे डेलने थर्मामीटर बुडवला आणि वर काढला. पारा बरोबर रेघेवर होता.

धुक्यात कुठेतरी पाणपक्ष्यांचा कलकलाट चालला होता. खाली मासे उसळत असल्याशिवाय ते असे गोळा होत नाहीत. आणि त्या कलकलाटात मध्येच एक आवाज आला. माणसाचा, अगदी क्षीण.

"आजोबा!" टोबी ओरडला.

काहीच उत्तर आलं नाही. पाण्यावरून काठाला काहीतरी आपटलं. रूफसने वाकून पाहिलं. आजोबांची उपडी झालेली होडी. त्यांचं लाइफ जॅकेट शेजारीच तरंगत होतं.

रूफस बूट काढायला लागला, तसा डेलने त्याचा दंड धरला. "वेडा आहेस का? या पाण्यात तूही गारठशील. दिसत तर काहीच नाही!"

तिने रेडिओ तोंडाशी धरला. "मामा, सिकमोर ओढ्यात या. आजोबांची होडी सापडली. त्यांचा आवाजही आला."

"डेल, तुला बस म्हटलं होतं ना?" मामा खेकसला. "पक्ष्यांचे आवाज आहेत ते. आणि काठावर पडलेल्या जुन्या होड्या ढिगाने आहेत." मग तो सगळ्यांना उद्देशून म्हणाला, "मंडळी, मुलं रेडिओशी खेळताहेत. लक्ष देऊ नका."

डेलच्या डोळ्यांत पाणी आलं. जवळपास पाचसहा होड्या नक्की असतील, इंजिनं बंद करून, चोरासारख्या गुपचूप गळ टाकून बसलेल्या. पण आता कोण ऐकणार?

तिने डोळे पुसले. रूफसच्या कानात काहीतरी सांगितलं आणि पुन्हा बटण दाबलं.

"टोबी, इकडे बघ, स्ट्रायपर! सिकमोर ओढ्यात नुसते उसळताहेत! केवढाले!"

"गप्प बस गं बावळट!" रूफस मागून ओरडला. "जागा कुणाला सांगायची नाही म्हणून आजोबांनी बजावलंय! बंद कर तो रेडिओ!"

बटण सुटलं. मग धुक्यात एक इंजिन खाकरलं, पाठोपाठ दुसरं, मग तिसरं.

सर्वांत आधी आले मिस्टर प्रुइट. आजोबांशी त्यांचं वर्षानुवर्षं वाकडं. हातात गळ तयारच होता. "कुठे आहेत मासे?"

"मासे राहू द्या," डेल रडवेल्या आवाजात म्हणाली. "आमचे आजोबा पाण्यात आहेत. त्या पक्ष्यांच्या बाजूला. मी खोटं बोलले नाही, मासेही आहेत, पण आधी आजोबा!"

प्रुइटनी होडीकडे पाहिलं, जॅकेटकडे पाहिलं आणि गळ खाली टाकून दिला. त्यांची बोट धुक्यात गेली. टोबीने डेलच्या कुशीत तोंड लपवलं. रूफस ओठ चावत उभा होता. कितीतरी वेळ नुसतं इंजिन ऐकू येत होतं, मग तेही थांबलं. डेलला वाटलं, संपलं सगळं.

"जिवंत आहे म्हातारा!" प्रुइटचा आवाज आला. "बुडालेल्या झाडाला मिठी मारून बसलाय. कुणीतरी दोर टाका इकडे!"

प्रुइटनी रेडिओवर कळवल्यावर मामा आणि शेरिफ पोचले, तेव्हा आजोबा प्रुइटच्या कोटात गुंडाळलेले, दात वाजवत काठावर बसले होते. मामाचा चेहरा उतरला. "माझंच चुकलं, पोरांनो," तो म्हणाला. "तुम्ही सांगत होतात आणि मी ऐकलं नाही." शेरिफने टोपी काढून तिघांशी मोठ्या माणसांसारखा हात मिळवला. "आम्ही अजून धरणच धुंडाळत बसलो असतो," तो म्हणाला.

"पोरीने मला गंडवलं," प्रुइट सगळ्यांना सांगत होते. "मला! आणि फार बरं केलं."

आजोबांनी डेलला जवळ ओढलं. त्यांचा हात बर्फासारखा होता.

"गावाला थापा मारल्या त्या मारल्या," ते म्हणाले. "पण घरात तरी खरं सांगून जायला हवं होतं गं."

इतका वेळ आवरून धरलेलं रडू डेलला आता फुटलं. आजोबांच्या ओल्या सदऱ्यात तोंड खुपसून ती हमसाहमशी रडली.