बारशाचे पेढे

देवरीच्या बसस्थानकावर योगेश्वरीने पाव किलो पेढे घेतले. दुकानदाराने डबा बांधता बांधता सहज विचारले, "काय खुशखबर, ताई?" तिने मान खाली घालून पैसे मोजले... चार दिवसांपूर्वी चिचगडला तिचे वडील वारले होते. आणि सडक अर्जुनीला सासूबाईंना सांगून ठेवले होते, की सून मावसबहिणीच्या बाळाच्या बारशाला गेली आहे!

हा खोटेपणा काही आजचा नव्हता. दोन वर्षांपूर्वी सासरे जियालालजी दुपारचे जेवून हात धुवायला उठले आणि अंगणातच कोसळले. तेव्हापासून सासूबाईंच्या, रामबाईंच्या मनाने जी धास्ती घेतली ती सुटलीच नाही. फोन वाजला की त्या छातीशी पदर धरत, कुणाला यायला जरा उशीर झाला की त्यांचे हातपाय गार पडत. गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितले, यांना धक्का बसेल असे काही कळू देऊ नका. एकुलत्या एका लोकेंद्रने, योगेश्वरीच्या नवऱ्याने, ते शब्द काळजात कोरून ठेवले. त्या दिवसापासून मरणाची बातमी त्या घराचा उंबरठा ओलांडेनाशी झाली. नात्यातले जे कोणी वारे, ते रामबाईंना सांगताना रायपूरला जाई... कुणी लेकाकडे, कुणी लेकीकडे, कुणी उपचाराला! योगेश्वरीही ते सारे मनापासून निभावत आली होती.

पण यावेळी तिचाच बाप गेला होता.

"घरी रडू नोको हं," लोकेंद्र फोनवर कापऱ्या आवाजात म्हणाला होता. "आईले काही झालं तं मी कोनाच्या तोंडाकडे पाहू? एवढं कर माह्यासाठी."

तिने तेवढे केले. जरीकाठाची साडी नेसून, चेहऱ्यावर हसू ओढून ती घरात शिरली. रामबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सुनेच्या साडीकडे पाहिले, मग डब्याकडे, मग बराच वेळ तिच्या डोळ्यांकडे.

"कसं झालं बारसं?"

"चांगलं झालं, आई."

"नाव का ठेवलं?"

याची तयारी कुणी केलीच नव्हती! "आचल," तोंडाला आले ते तिने सांगून टाकले.

"चांगलं आहे." रामबाईंनी एक पेढा उचलला, कपाळाला लावला आणि पुन्हा डब्यात ठेवून दिला. "दात दुखून राहिला माह्या. ठेव."

गोडाधोडासाठी जीव टाकणाऱ्या सासूबाईंनी पेढा परत ठेवला! योगेश्वरीला नवल वाटले, पण दुःखाने ती इतकी व्याकुळ झाली होती, की ते नवल तिथेच राहिले.

दिवस जाऊ लागले. ती न्हाणीघराचा नळ मोठा सोडून रडे, तोंड धुवून बाहेर येई आणि पोळ्या लाटायला बसे. सगळ्यांत कठीण वेळ संध्याकाळी सातची. तिचे वडील, खेमराज गुरुजी, रोज नेमाने त्या वेळी फोन करीत. "जेवण झालं काय बाई?" एवढाच त्यांचा प्रश्न, आणि शेवटी विहिणीसाठी, "इवाईणबाईले नमस्ते सांग." सात वाजले की आता फोन मुकाच राही, आणि योगेश्वरी उगाच तो हातात घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरे.

सासूबाईंचे मात्र काहीतरी निराळेच चालले होते. त्यांनी भाजीला फोडणी नको म्हणून सांगितले. दर रविवारी सुनेच्या हातून डोक्याला तेल घालून घेणाऱ्या त्या, तेलाची वाटी समोर नेताच मान फिरवीत. "डोकं जड आहे. राहू दे." पुढच्या वेळीही तेच. दाढ दुखते, डोके जड आहे, पोटाला बरे नाही. दरवेळी कारण नवे! यांना झालेय तरी काय? योगेश्वरी विचार करकरून थकली. खरे सांगायचे तर या कोड्यानेच तिला त्या दिवसांत तगवले, कारण तेवढा वेळ तरी तिला बापाचा निश्चल चेहरा दिसत नसे.

तेरवीच्या दिवशी लोकेंद्र 'बियाण्याच्या कामाला' म्हणून एकटाच चिचगडला गेला. महिन्याभरात सुनेने दुसऱ्यांदा माहेरी जायचे, तर कारण कोणते सांगायचे? ते कुणालाच सापडले नाही, आणि ती मागे राहिली. लेक असून बापाच्या तेरवीला नाही... तिने आपले ताट तसेच झाकून ठेवले.

त्या दुपारी रामबाई डोक्यावरून न्हाल्या, केस वाळवले आणि ओसरीवर पाठ करून बसल्या.

"आन वं तेल."

योगेश्वरीने बोटे तेलात बुडवली, आणि तिचा हात हवेतच थांबला. फोडणी, तेल, गोड... सुतकात वर्ज्य असते तेच सारे! तिने मनात दिवस मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले. तेरा!

"आई... कोनाचं पाळून राहिल्या होत्या तुमी?"

रामबाईंनी मागे वळून पाहिले नाही.

"माह्या इवायाचं. माह्या हातून आनखी का होनार होतं?"

वाटी कलंडली. "तुमाले... कोनं सांगितलं?"

"कोन सांगते या घरात! सात वाजता तुह्या फोन वाजेना. अन् बारसं खाऊन आलेल्या बाईचे डोळे असे असते काय वं?"

"मग बोलल्या काऊन नाही?"

"तुमी दोघं मले एवढं जपता. म्हटलं, ते मी कशी मोडू? म्हनून रडली नाही. तुह्याजवळ येऊन बसलीबी नाही. चुकली मी, बाई." आता त्या वळल्या. डोळे भरून वाहत होते. "पन एक सांगू? मेलेल्या माणसाचं भेव नाही वाटत मले. कोन मेला हे ठाऊक नसते, त्याचं वाटते. सारं गणगोत रायपूरले! तिथून परत कोनी येतच नाही. मागं माह्या भाऊ दुर्गाप्रसाद खरंच डोळ्याच्या आपरेशनले गेला रायपूरले, तं मी महिनाभर त्याच्या नावानं मनात रडली. अन् तो काळा चष्मा लावून दारात उभा! किंचाळली मी... तो म्हणे, बाई, एवढी का भेली?"

योगेश्वरीला हसू फुटले, आणि त्या हसण्यातूनच, इतके दिवस दाबून धरलेला हुंदका बाहेर आला. रामबाईंनी तिचे डोके मांडीवर घेतले.

"सांग आता. कसे गेले? शेवटी का बोलले?"

"चारोळी फोडून राहिले होते, आई... मले पाठवायले. मायले म्हणे, सात वाजले काय पाह्य, योगेश्वरीले फोन लावतो. माय घड्याळ पाहून आली, तवा..."

रामबाई ऐकत राहिल्या. मधूनमधून विचारत राहिल्या... आजारी होते काय? जेवले होते काय? पदर छातीशी धरला होता, पण त्या उठल्या नाहीत.

दिवस कलताना लोकेंद्र परतला. दोघींना तसे पाहून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "आई! गोळी घेतली काय? योगेश्वरी, तूनं सांगितलं? एवढं म्हटलं होतं तुले..."

"तिनं नाही सांगितलं. बस इथं," रामबाई म्हणाल्या. "मी भेते का तू भेतो रे, लोकेंद्र?"

लोकेंद्र उभ्या उभ्याच अंगणाकडे पाहू लागला. "मी पाणी टाकून राहिलो होतो बाबूजींच्या हातावर... लोटा हातातच होता माह्या, आई! तूबी तशीच गेली तं..."

"जाईन. कधी तं जाईन." रामबाईंनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. "पन तोवर कोनाच्या मरनावर माह्या सुनेले कोनं पेढे घेऊन पाठवू नये."

दोन वर्षे पोटात कोंडलेले रडू त्या धिप्पाड माणसाला आवरेना. रडता रडता त्याने योगेश्वरीकडे पाहिले, आणि तिच्यासमोर हात जोडले. तिने ते हात आपल्या हातांत धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन वर्षांत फाटकाबाहेर न पडलेल्या रामबाई बसमध्ये चढल्या. देवरीपर्यंत त्यांनी सुनेचे मनगट इतके घट्ट धरले होते, की नखे रुतली.

"धडधड होऊन राहिली काय, आई? उतरायचं?"

"होऊन राहिली. घरीबी होते. चाल."

चिचगडच्या दारात योगेश्वरीची आई जमुनाबाई उभ्या होत्या, कपाळ मोकळे... त्यांना पाहताच योगेश्वरीच्या तोंडून असा टाहो फुटला, की शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. त्या बायांना लोकेंद्रने आधीच बजावून ठेवलेले होते. एकीने घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. "चूप वं, चूप! सासू आहे संग. तिच्या जिवाले बरं नाही..."

रामबाईंनी पुढे होऊन तो हात बाजूला केला.

"कायले चूप करता तिले? बाप मेला तिचा. रडू द्या."