वच्छलाबाईचं एक मिनिट

नवं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही हा प्रश्न तीन वर्षं माझ्यापुढे होता, आणि तीन वर्षं मी तो पुढे ढकलत होतो. चालत्या गाड्याला खीळ घालू नये, एवढंच माझं तत्त्व. केजला बसस्टँडच्या मागे, खत-बियाण्याच्या दुकानावर माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. जीपवरच्या भोंग्याच्या जाहिराती, भजनी मंडळांची भजनं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, कुणाच्या दशक्रियेचा निरोप, असली कामं. भिंतींना बारदान ठोकलंय, त्यावर अंड्यांचे ट्रे. खिडकी एकच, तीही कायमची बंद. कॉम्प्युटर दोन हजार पाच सालचा आणि आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअरही त्याच्याच वयाचं.

या दसऱ्याला मात्र वर्षाराणीने ऐकलं नाही. स्टँडसमोर तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि माझं मशीन आजवर तिनेच जगवलंय.

"काका, ह्याचे दिवस भरले आता," ती म्हणाली. "लोक मोबाईलवर भरून पाठवायलेत, ते तुमच्या जुन्यात उघडत बी न्हाई. एक दिवस बंद पडलं म्हंजे बसताल बोंबलत."

"माझी जुनी कामं नव्यात उघडतील का?"

"बरीच उघडतील. दोन्ही मशीन पंधरा दिवस शेजारी ठिवा. लागंल ते ह्याच्यातून त्याच्यात घ्या, मग मी जुनं घिऊन जाते."

तिने नवं मशीन मांडलं आणि कौतुकाने चालवून दाखवलं. नवं सॉफ्टवेअर माणसाचा आवाज आपणहून ओळखतं. त्याच्यावर रंगीत पट्टी ओढतं आणि शेजारी लिहितं, 'आवाज १'. दोन माणसं असली तर 'आवाज २'. इतकंच काय, पट्टीखाली बोललेले शब्दही मराठीत उमटतात. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं.

माझी काळजी वेगळीच होती. रेकॉर्डिंगमध्ये आवाजाच्या मागे एक बारीक खरखर असते. खोलीची, वायरींची, रस्त्याची. जुन्या सॉफ्टवेअरला ती आपणहून कळत नाही, त्याला आधी नमुना द्यावा लागतो. ही बघ, रिकामी खोली अशी असते, असं सांगावं लागतं. मग तसलं जे जे सापडेल ते ते पुसून टाकतं. म्हणून माईकपुढे बसणाऱ्या प्रत्येकाला मी म्हणायचो, "आधी एक मिनिट गप बसा. हलू नका. मग म्हणा." खरं तर दर वेळी त्या मिनिटाचा नवा नमुना घ्यावा. पण मला एकदा फार स्वच्छ मिनिट सापडलं होतं आणि वीस वर्षं मी तेच वापरत आलो. लोकांना गप बसवायची सवय मात्र तशीच राहिली. माणूस त्याने थाऱ्यावर येतो.

ते मिनिट वच्छलाबाईचं होतं.

दसरा झाला की आमच्याकडची निम्मी वस्ती ऊसतोडीला निघते, ती पाच-सहा महिने परतत नाही. त्या काळी काही बाया जायच्या आधी माझ्याकडे यायच्या. लहान लेकरू आजीपाशी ठेवायचं असायचं, तेव्हा पाळणा कॅसेटवर भरून मागायच्या. आजी टेप लावायची आणि लेकरू आईच्या आवाजावर झोपायचं. वच्छलाबाई तशीच आली होती, तेलगावजवळच्या वस्तीवरून. नवरा रामकिसन जिन्यात बसून राहिला. तिच्या कडेवर दीड वर्षाची पोरगी होती, वेखंड लावलेली, आणि बंद खोलीत तो वास भरून गेला होता.

त्या दिवशी भारनियमन होतं. मी मशीन बॅटरीवर चालवलं होतं. शेजारची पिठाची गिरणी बंद, पंखे बंद, चहावाल्याचा टेप बंद. मी म्हणालो, एक मिनिट गप बसा. ती बसली. पोरगीही बसली. मिनिट झाल्यावर मी हाताने खूण केली. तिने तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पुन्हा खूण केली, पुन्हा तेच. मग तिने पदराने तोंड पुसलं.

"न्हाई येत, भाऊ... आल्यावर म्हणते."

आणि ती उठून गेली. माघात उसाच्या फडावरून परतताना ट्रॉली उलटली, त्यात वच्छलाबाई गेली. मला कळलं तेव्हा वाईट वाटलं. पण नमुना चांगला होता, तो मी ठेवला. खोटं कशाला बोलू?

नवं मशीन आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक तरणी बाई वर आली. मागे सासू, सासूच्या कडेवर वर्षाची नात. खोलीत वेखंडाचा वास आला आणि मला का कोण जाणे, खुर्ची सोडून उभं राहावंसं वाटलं.

"पंडितमामा तुमीच ना? मी मंगल. रामकिसनची पोरगी." ती हसली. "आईनं तुमाला भाऊ म्हणलं आसंल. मंग मामाच की."

तिचं काम साधं होतं. दोन दिवसांनी त्यांची ऊसतोडीची टोळी निघणार होती. लेकीला ती सासूपाशी, तुळजाबाईपाशी, ठेवून जाणार होती.

"बाप म्हणायचा, तुज्या आईचा पाळणा केजला पंडितभाऊपाशी हाय. आता बाप बी न्हाई राह्यला. म्हणलं, हिच्यापाशी आजीचा आवाज तर ऱ्हाऊ द्यावा... आन् मी बी एकदा ऐकीन. मला आईचा आवाज ठावंच न्हाई, मामा."

पोरीची समजूत घालायला रामकिसन तसं सांगत आला असणार. पाळणा कधी भरलाच गेला नाही, हे मी तिथंच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "शोधतो. परवा जाताना ये." माझा धीर झाला नाही.

दुपारी जेवून आल्यावर मी कामाला लागलो. वच्छलाबाईचं मिनिट जुन्यातून काढलं आणि नव्यात उघडलं. नमुना म्हणून ते नव्यात चालतं का, एवढंच बघायचं होतं. पडद्यावर सपाट रेघ आली, जशी यायला हवी. आणि त्या सपाट रेघेवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, हिरवी पट्टी ओढली गेली.

'आवाज १'.

मला वाटलं, नव्याला अक्कल कमी. मी पट्टीखाली बघितलं. तिथे अक्षरं उमटत होती, एकेक, सावकाश.

'नीज गं माझे बाई... पाळण्याला दोरी लांब... आई गेली उसाला... दारी उभा लिंब...'

दार बंद आहे ना, ते मी आधी पाहिलं. मग हेडफोन कानाला लावला आणि आवाज वाढवत नेला. आधी श्वास. मग बांगड्या. मग अगदी खालच्या सुरात, झोपलेलं लेकरू उठू नये अशा बेताने, एक बाई म्हणत होती. ज्या मिनिटात ती माझ्यासमोर ओठ मिटून बसली होती, त्याच मिनिटात.

मी हेडफोन काढला. उठून पाणी प्यायलो. मग गेल्या महिन्यातल्या एका भजनी मंडळाचं कच्चं रेकॉर्डिंग नव्यात उघडलं, न पुसलेलं. भजनावर एक पट्टी आली, आणि तिच्याखाली दुसरी हिरवी पट्टी. तोच पाळणा. त्याआधीच्या वर्षीची भोंग्याची जाहिरात उघडली. शेळ्या-मेंढ्यांच्या औषधाची. तिच्याखालीही तोच. दहा-बारा कामं उघडून मी थांबलो. वीस वर्षं ती बाई या खोलीत म्हणत होती, आणि वीस वर्षं मी तिला तिच्याच मिनिटाने पुसत होतो. मला शरम वाटली. भीती तेव्हा अजून वाटली नव्हती.

टोळी निघायच्या दिवशी मंगल सासूला आणि लेकीला घेऊन आली. खाली जीप उभी होती, नवरा बंकट जीपमध्ये. तिने हेडफोन लावला आणि मी आवाज सुरू केला. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण ती रडली नाही. एकटक माईकसमोरच्या रिकाम्या स्टुलाकडे बघत राहिली.

"हितंच बसल्यावानी वाटायलंय," ती हळूच म्हणाली.

तुळजाबाईच्या कडेवरच्या पोरीला हेडफोन नव्हता. तिला काही ऐकू येत नव्हतं. तरी ती स्टुलाकडे वाकली आणि 'मला घे' म्हणून लेकरं करतात तसे दोन्ही हात पुढे केले. तुळजाबाईने तिला मागे ओढलं. पोरगी पुन्हा वाकली.

मी मेमरी कार्ड भरलं आणि तुळजाबाईच्या छोट्या स्पीकरमध्ये घातलं. त्यावर ती एकच फाईल टाकली, हे मी दोनदा तपासलं होतं.

"मामा, माझा बी भरून घ्या की," मंगल म्हणाली. "आजीचा हाय, तसा आईचा."

ती स्टुलावर बसली. नव्या सॉफ्टवेअरला नमुना लागत नाही, हे एव्हाना मला कळलं होतं. थेट म्हण म्हटलं असतं तर तिने म्हटलंही असतं. पण जिभेला वीस वर्षांचं वळण. माझ्या तोंडून निघून गेलं, "एक मिनिट गप बस. हलू नको."

ती बसली. अर्ध्या मिनिटात मला चूक कळली, पण मधे बोलायला तोंड उघडेना. मिनिट संपलं. मी खूण केली. तिने तोंड उघडलं. खालून हॉर्न वाजला आणि बंकट ओरडला, "आवरा की! मुकादम कवाचा बोंबलायलाय!"

मंगलने पुन्हा तोंड उघडलं. मग पदर तोंडाला लावला.

"न्हाई येत, मामा... आल्यावर म्हणते."

तेव्हा मला भीती वाटली. मी दारात आडवा झालो. "म्हणूनच जा. दोन ओळी म्हण. मी सांगतो त्याला थांबायला."

"टोळी कुनासाठी थांबती व्हय, मामा?" ती हसली आणि माझ्या बाजूने वाट काढून जिना उतरली. लेकीकडे तिने वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय निघाला नसता, हे मलाही कळत होतं.

नंतर मी तिचं मिनिट उघडून बघितलं. एकच हिरवी पट्टी होती, तोच जुना पाळणा. 'आवाज २' नव्हता. मी सुटकेचा निःश्वास टाकला आणि माझं मलाच हसू आलं. दोन-चार दिवस रोज उघडत राहिलो, रोज एकच पट्टी. मग उघडायचं सोडून दिलं. कामं एकेक करून नव्यात घेतली. ती बाई सगळ्यांच्या मागून म्हणत राहते खरी, पण फार हळू म्हणते, गिऱ्हाइकाला कळत नाही. तिला पुन्हा पुसायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. अकराव्या दिवशी वर्षाराणीला निरोप धाडला, उद्या जुनं मशीन घेऊन जा.

काल सकाळी ती येऊन वायरी सोडवत होती, तेवढ्यात तुळजाबाईचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"पंडितभाऊ, लई उपकार झाले बघा. स्पीकर लावला की पोर गपकन झोपती. आन् दोघी काय गोड म्हणत्यात!"

"दोघी?"

"आजी म्हणती आन् मागून आमची मंगल गुणगुणती. आदी एकलीच व्हती. परवाच्यापासून दोघी हायत. तुमी मागून भरलं का काय?"

"मंगलचा फोन आला होता का?" मी विचारलं.

"परवाच्या आदी आलता. तवापासून न्हाई. फडात रेंज नसती म्हणं."

मी फोन ठेवला आणि मंगलला लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बंकटलाही लावला, त्याचाही लागला नाही.

"काका, काढू ना हे?" वर्षाराणी जुन्या मशीनच्या वायरीला हात घालून उभी होती.

जुन्यात अजून तो नमुना आहे. एक बटण दाबलं की तसलं सगळं पुसलं जातं, खोली होती तशी गप होते. पण त्यातली दुसरी, मंगल, जर नुसतीच दूर असेल, रेंज नसलेल्या फडात, आणि मी तिला इथून पुसली तर? आणि नाही पुसली तर? मी वर्षाराणीला म्हणालो, थांब जरा.

नव्यावर मंगलचं मिनिट उघडलं. खोलीत वेखंडाचा वास होता. हिरवी पट्टी आली, 'आवाज १', तिच्याखाली पाळण्याच्या ओळी. त्याखाली निळी पट्टी आली, 'आवाज २'. हेडफोन मी कानाला लावला नाही. नुसता बघत बसलो. निळ्या पट्टीखाली एकेक अक्षर सावकाश उमटलं.

'आले, मामा. आता म्हणू का?'