टावरचा धोंडा

चित्रकला स्पर्धेचा विषय सरांनी ग्रुपवर टाकला, आणि तो वाचायला कुणालीला टेकडी चढावी लागली! डोळखांबच्या वरच्या अंगाला त्यांचं गाव. तिथे रेंज येते ती एकाच जागी, टेकडीवरच्या काळ्या दगडावर. त्याला सगळे टावरचा धोंडाच म्हणतात. आणि त्यावर कोणी हात वर करून उभं दिसलं की गावाचा ठरलेला प्रश्न — देव पावला का?

धापा टाकत ती पोचली, तर धोंडा आधीच कोणीतरी अडवलेला. फोन धरलेला हात आभाळात, मान वर, डोळे मिटलेले...

"देव पावला का रे?"

तो दचकून घसरलाच. शेवटच्या बाकावरचा सुयोग! गावाच्या कडेला वाडी आहे, तिथला. वर्गात याच्या तोंडून शब्द फुटत नाही; इथे मात्र चक्क हसला.

"अजून नाय. तू पण ये वर. दोघांनी मागितलं तर पावंल."

दगड तो केवढासा! खांद्याला खांदा लागला... आणि कुणालीच्या फोनवर विषय उतरला — 'तंत्रज्ञानाची माणसावर सत्ता'.

"मिळालं चित्र!" ती ओरडली. "तूच! असाच उभा राहा."

"मी? थांब मग, केस तरी बसवू दे."

मग रोज संध्याकाळी टेकडी ठरलेली. खाली कापलेली भातखाचरं, वाऱ्यावर पेंढ्याचा वास, आणि सुयोगच्या खिशात तिच्यासाठी आवळे.

"खा, नि वर पाणी पी. गोड लागतं."

"गप उभा राहा. हलू नकोस."

"नाक नीट काढ गो माझं."

"आहे तसंच येणार. त्यात माझा काय दोष?"

तो हसायचा, तीही हसायची, आणि चित्र काही पुढे सरकायचं नाही! पण फोन लागला रे लागला की तो टुणकन उडी मारून ऐनाच्या झाडाआड. पाठ वळवून हळू हळू बोलायचा. परत यायचा तेव्हा चेहरा कसा उजळलेला असायचा!

"कोणाशी रे एवढं गुलूगुलू?" तिने एकदा विचारलंच.

"हाय एक."

"कोण एक?"

"चित्र होऊ दे. मग सांगतो."

हाय एक म्हणे! कुणालीने हातातला आवळा खाचरात भिरकावला. आणखी एकदा विचारलं असतं तर... पण नाही विचारलं. घरी येऊन रागारागात रंग कालवले. फोन काढला देवाएवढा मोठा, हार घातलेला. त्याच्यापुढे सुयोग, आणि सुयोगच्या नाकात वेसण! बैलाची असते तशी. दोर फोनच्या हातात.

पहिला नंबर आला. चित्र शाळेच्या हॉलमध्ये लागलं, आणि पोरांनी एका नजरेत ओळखलं.

"अरे, हा तर आपला सुयोग! हैक्, चल रे सर्ज्या!"

हॉल हसत होता, तेवढ्यात तो आला. इस्त्रीचा शर्ट, हातात फोन, कॅमेरा उघडलेला. त्याने चित्र पाहिलं. चिडला असता तर बरं झालं असतं.

"नाक छान आलंय," तो म्हणाला.

"सुयोग, ते मी..."

"आय हाय ती," तो हळूच म्हणाला. "वीटभट्टीवर गेलीय, भिवंडीकडं. संध्याकाळचा मुकादम जरा वेळ फोन देतो तिला. मी तिला सांगितलेलं, एक पोरगी माझं चित्र काढते. लय... चांगली हाय म्हणून." त्याने फोन खिशात टाकला. "फोटो मागत होती. सांगेन, चित्र भिजलं."

दुसऱ्या दिवसापासून शेवटचा बाक रिकामा.

कुणालीने नवं चित्र काढलं. वेसण नाही, दोर नाही. तोच धोंडा, तोच वर केलेला हात. आणि कागदाच्या दुसऱ्या टोकाला विटांच्या भुकटीने लाल झालेला एक हात, कानाशी फोन धरलेला. सुयोगचे मिटलेले डोळे काढताना मात्र तिचं तिलाच कळलं... तो आईच्या फोनची रिंग येते का, ते ऐकत असायचा.

चित्र घेऊन ती वाडीवर धावली. दारात त्याची मावशी, गुणाबाई, नाचणी पाखडत होती.

"तो गेला गो. त्याच्या आयला ताप सुटंना. तिच्या जागी भट्टीवर हात नको?"

"आणि शाळा?"

"आता पावसाळ्यात भट्टी बंद झाली की बघू."

मुकादमाचा नंबर कुडाच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेला होता. कुणालीने तो घेतला, चित्राचा फोटो काढला आणि संध्याकाळी टेकडी गाठली. धोंड्यावर ती एका कडेला सरकून उभी राहिली... सवयीने. फोटोखाली एवढंच लिहिलं — 'सुयोगला दाखवा. नाक नीट काढलंय. लवकर ये म्हणावं.'

पाठवलं. पडद्यावर गोल चक्र फिरायला लागलं... फिरतच राहिलं.

तिने हात वर केला. आणखी वर, टाचा उचलून. मान वर गेली, डोळे आपोआप मिटले.

मोळी घेऊन खालून जाणारी गुणाबाई थांबली.

"काय गो पोरी, देव पावला का?"

"अजून नाय, मावशी," कुणाली म्हणाली. हात खाली घेतला नाही.