रिकामं जातं

हिवाळी शिबिराचा फॉर्म हवाय ना? देते. पण आधी बसा जरा, पावणं. माझं ऐका, मग पोराचं नाव लिहायचं का ते ठरवा.

दरवर्षी डिसेंबर आला की आमच्या साहेबांना संस्कृतीची उबळ येते. बावड्यातलं हे वस्तुसंग्रहालय वर्षभर धूळ खातं. थंडी पडली, कारखान्याच्या मळीचा वास सुटला, की शिबिर! पोरं गोळा करायची मी, पालकांची बोलणी खायची मी, आणि पेपरात फोटो साहेबांचा.

गेल्या वर्षी जात्यावरचं दळण दाखवायचं होतं. त्यासाठी मागच्या गल्लीतल्या शालूबाईंना बोलावलं. म्हातारीच्या तोंडाचं पार बोळकं, पण ओव्या ऐकाव्यात तर तिच्याच. आणि ऐनवेळी साहेबांचा हुकूम, दालनात धान्याचा दाणा आणायचा नाही, उंदीर होतात. म्हटलं, मग दळायचं काय, कपाळ? तर म्हणे नुसतं फिरवा, पोरांना काय कळतंय.

शालूबाई जात्यापुढं बसल्या, आत बघितलं आणि उठल्याच.

"रिकामं जातं फिरवत न्हाईत, बाई."

का म्हणून विचारलं तर पदर तोंडाला लावला. इकडं पोरांचा कालवा, फोटोवाला खोळंबलेला, साहेब घड्याळ बघतायत. माझं टाळकंच सरकलं. माझी शिवानी नऊ वर्षांची, तीही शिबिरात होती. तिलाच बसवलं आणि म्हटलं, फिरव गं. माझ्या तोंडानं म्हटलं. दगडावर दगड घासला आणि झोपेत कुणी दात खावेत तसा आवाज झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जात्याखाली चिमूटभर पांढरं पीठ. धान्य आणलंत म्हणून साहेबांनी मलाच झापलं. मी गुमान झाडून काढलं. त्याच सकाळी शिवानीचा एक दात नव्हता. अंथरुणात शोधला, सापडला नाही. दुधाचा असेल म्हणून सोडून दिलं.

तिसऱ्या दिवशी पीठ मूठभर. शिवानीचे चार दात गेलेले. रक्त नाही, दुखणं नाही. त्यातले दोन तर नुकते आलेले, पक्के. मी ते पीठ बोटांत चोळून बघितलं. पिठासारखं मऊ नव्हतं हो ते… कचकचत होतं.

साहेब गेले खड्ड्यात म्हटलं. घरचा जोंधळा आणला, शालूबाईंच्या हातापाया पडले. दोघींनी खुंटा धरून दिवे लागेपर्यंत दळलं. भुरूभुरू पीठ पडलं तेव्हा मला रडूच आलं. वाटलं, जात्याचं पोट भरलं, सुटलो आपण.

चौथ्या दिवशी कुलूप काढलं तर जात्याभोवती जोंधळा पसरलेला. अख्खा. एक दाणा फुटलेला नाही. पीठ कुठंच नाही. शालूबाई माझ्या मागं उभ्या होत्या.

"माझ्या आईनंबी जोंधळाच घातलता…" त्या म्हणाल्या. "मी तुझ्या शिवानीएवढी व्हते."

तेवढ्यात घरून फोन आला. शिवानी बोलत होती. 'आई' एवढं कळलं, पुढचं काहीच कळेना. नुसते ओठ आणि जीभ.

वर्ष झालं. पोरगी भाकरी दुधात कुस्करून खाती. शाळेत हसत नाही. डॉक्टर म्हणतात, अशी केस बघितली नाही. माझ्याच्यानं तिच्याकडं बघवत नाही.

आणि परवा साहेबांचा मेसेज आला. यंदा शंभर पोरं, प्रत्येकाच्या हातात जात्याचा खुंटा, प्रत्येकाचा फोटो. धान्य नको. मी भांडले, ते हसले. म्हणाले, वर्षाराणीबाई, अंधश्रद्धा पसरवू नका.

मग मी काल तो खुंटाच उपटला. बंधाऱ्यावर जाऊन पंचगंगेत टाकला, माझ्या हातानं, वाहत गेलेला बघितला.

तो बघा, तुमच्या मागं जातं आहे. खुंटा जाग्यावर आहे. हात लावू नका… खालची फरशी बघा फक्त. सकाळपासून तीनदा पाणी पुसलं. अजून ठिबकतोय.