विलोखालची सावली

ही गोष्ट खरी आहे. लिनेटने ती मला माझ्याच स्वयंपाकघरात बसून सांगितली आणि सांगताना ती एकदाही रडली नाही. पटली तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणे. ही भर दुपारी अडीचची आहे. सत्तावीस डिसेंबर, ऑस्ट्रेलियातला ऐन उन्हाळा, मरे नदीचं वळण, पारा त्रेचाळीसवर.

लिनेट आणि केल्विन आमचे शेजारी. दोघंही साठीला टेकलेली. तीस वर्षं ख्रिसमस झाला की सगळं कुटुंब नदीवर तंबू ठोकायचं आणि तीस वर्षं लिनेट उन्हात उभी राहून चौदा जणांसाठी सॉसेज भाजायची. त्या वर्षी तिने सगळ्यांना फोन करून कळवलं...

यंदा आम्ही दोघंच.

महिनाभर तयारी चालली. फ्रिजवर यादी लावलेली होती आणि लिनेट रोज तिच्यातलं काहीतरी खोडायची.

"मोठी शेगडी घ्यायची?" केल्विनने विचारलं.

"नको. थंड कोळंबी, पाव, आंबे. मी चमचासुद्धा हलवणार नाही."

"मग मी काय हलवू?"

"खुर्ची. सावली सरकेल तशी."

केल्विनच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते. ऊन टाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून लिनेटला त्या काठावरच्या एकुलत्या एक विलोच्या झाडाखालची जागा हवी होती. नवरा मरणाच्या दारातून परत आला होता. निदान आठ दिवस तरी तिला तो कुणाबरोबर वाटून घ्यायचा नव्हता.

तिथे बुकिंग नसतं. जो आधी येईल, जागा त्याची. म्हणून लोक आठवडाभर आधी जाऊन रिकामा तंबू ठोकून येतात. असं करणाऱ्यांना सगळे शिव्या घालतात आणि सगळेच तसं करतात.

वीस तारखेला ही दोघं तंबू घेऊन गेली.

विलोखाली आधीच एक तंबू उभा होता. छोटा, हिरवा, विटलेला.

"घ्या. कुणीतरी आपल्याहून हुशार निघालं," केल्विन म्हणाला. "चल, दुसरीकडे बघू."

लिनेटने चेन उघडून आत पाहिलं. एक घडी घातलेली चादर. एक थर्मास. माणूस नाही.

"रिकामा आहे. त्या टोकाच्या खुंट्या उपट."

"लिन, कुणाचा तरी आहे तो."

"तीस वर्षं उन्हात उभी राहिलेय मी. आता दुसरं कुणीतरी राहू दे."

दोघांनी तो तंबू उचलून उघड्या काठावर नेला. तिथे परत नीट ठोकला, तेवढी माणुसकी दाखवली. मग विलोखाली आपला निळा तंबू लावला आणि आयत्या बिळावरचे नागोबा घरी परतले.

सत्तावीसला जाताना ती दोघं वाटेतल्या दुकानात बर्फासाठी थांबली.

"ब्यूला गेली," दुकानवाली म्हणाली. "दर वर्षी एकटी यायची म्हातारी. तिला खुंटी ठोकणं जमायचं नाही, म्हणून माझा नवराच आधी जाऊन विलोखाली तंबू लावून द्यायचा. एकवीसला मीच तिला फाट्यावर सोडलं. तेवीसला सापडली. तंबू उन्हात होता आणि ही आत. काठभर तंबू, पण एकातही माणूस नाही."

"उन्हात कुणी लावला?" केल्विनने विचारलं.

"माझा नवरा शपथेवर सांगतोय, सावलीतच लावला होता. पण गाव त्यालाच दोष देतंय."

लिनेटने बर्फाच्या पिशव्या उचलल्या. गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "कुणापुढे ब्र काढायचा नाही. आणि आठवडा वाया घालवायचा नाही."

त्या बातमीने बाकीचे लोक पलीकडच्या वळणावर निघून गेले होते. काठ ओस पडला होता.

आणि विलोखाली... काहीच नव्हतं.

निळा तंबू उन्हात उभा होता. जिथे त्यांनी हिरवा ठोकला होता, बरोबर त्याच जागी. दोऱ्या ताणलेल्या, खुंट्या मुळापर्यंत ठोकलेल्या.

ओढत नेल्याची एकही खूण नव्हती.

"परत जाऊ," केल्विन म्हणाला.

"पोरांची चेष्टा आहे. धर तिकडून."

त्यांनी तंबू पुन्हा सावलीत आणला. केल्विन घामाघूम झाला. लिनेटने त्याला तंबूशेजारी खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर टोपी ठेवली आणि ती पाणी आणायला नदीवर उतरली.

दहा मिनिटं. जास्त नाही.

दिवसभर कलकलाट करणारे काकाकुवे गप्प झाले होते.

मग आवाज आला...

टक्. टक्. टक्.

खुंटी ठोकल्याचा.

ती धावत वर आली. केल्विन खुर्चीतच होता, सावलीत, टोपीखाली झोपलेला. पण त्याच्या शेजारी तंबू नव्हता.

तंबू उन्हात होता. चेन पूर्ण बंद. ती जवळ गेली, आणि आतून...

"लिन. चेन उघड गं. फार उकडतंय."

केल्विनचा आवाज.

तिने मागे वळून पाहिलं. केल्विन खुर्चीत. हात पोटावर.

"लिन, चेष्टा पुरे. जीव गुदमरतोय माझा."

कापडावर आतून एक तळहात टेकला. चेनची कडी हलायला लागली.

लिनेटने ती कडी मुठीत धरली आणि दाबून ठेवली. धातू तापलेला होता. हात भाजला, तरी तिने सोडलं नाही. तिला वाटलं, आत ती म्हातारी आहे. बाहेर आली तर केल्विनला घेऊन जाईल.

"तू मेलीस," ती म्हणाली. "आतच राहा."

आवाज विनवत राहिला. केल्विनने लग्नाआधी तिला ठेवलेल्या लाडक्या नावाने त्याने हाक मारली. ते नाव दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. तरीही तिने मूठ सोडली नाही.

मग आवाज घोगरा झाला. मग... थांबला.

ती विलोखाली आली. "ऊठ, निघू या इथून," म्हणत तिने टोपी उचलली.

केल्विनचे ओठ फुटले होते. अंग इतकं तापलं होतं की तिने चटकन हात मागे घेतला. त्याच्या नखांत निळ्या कापडाचे धागे होते.

मृत्यूच्या दाखल्यावर डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. सावलीतल्या माणसाला तो कसा झाला, हे त्यांना सांगता आलं नाही. आवाजाबद्दल लिनेट पोलिसांना काहीच बोलली नाही. हिरव्या तंबूबद्दलही नाही.

"तुला तरी कसं कळणार होतं?" मी तिला म्हटलं.

तिने कप बशीत ठेवला.

"कळलं होतं," ती म्हणाली. "त्या नावाने हाक मारली, तेव्हाच कळलं. पण तोवर मी त्याला इतका वेळ कोंडून ठेवलं होतं... उघडून त्याला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही."

मी तिच्या कपात आणखी चहा ओतला. अजूनही ती कुंपणापलीकडून हाक मारते आणि मला ओ देता येत नाही.