सहा सिलिंडर आणि एक होकार

योस्टने पहिल्याच दिवशी रूनाचा थर्मास गाडीखाली घातला.

थर्मास बाजूला ठेवून ती गोठलेल्या तळ्यात भोक पाडत होती. इतक्यात काळ्यापांढऱ्या नक्षीच्या स्टिकरांनी अंगभर झाकलेली एक लांबलचक गाडी वळणावर घसरली, गिरकी घेत आली आणि तिच्यापासून चार हातांवर थांबली. दार उघडून एक उंच, टोपी विसरलेला माणूस धावतच उतरला.

"तुम्हाला लागलं नाही ना? माफ करा... तुम्ही ठीक आहात ना?"

"मी ठीक आहे. कॉफी गेली."

त्याने चाकाखाली वाकून पाहिलं. थर्मासची पार भाकरी झाली होती.

"तुम्हाला नवा आणून देतो. तुम्ही म्हणाल तो—"

"हे तुम्ही-तुम्ही काय लावलंय? आमच्याकडे राजाला सोडून कुणालाच तुम्ही म्हणत नाहीत. आणि राजा काही बर्फात भोकं पाडत बसत नाही."

तो हसला. थंडीने त्याचे कान लालभडक झाले होते, आणि रूनाला उगाचच वाटलं की, आपली टोपी काढून त्याच्या डोक्यावर घालावी. तिने तसं काही केलं नाही. पण वाटलं हे खरं.

दूर उत्तरेतल्या स्टेनट्रेस्क गावाला अशा गाड्या नव्या नव्हत्या. तळं गोठलं की जर्मन कंपन्यांचे इंजिनियर अजून बाजारात न आलेल्या गाड्या अशा ओळख लपवून घेऊन यायचे आणि बर्फावर घसरवून त्यांचं पाणी जोखायचे. गावाचा रिवाज एकच: गाडी दिसली तरी दिसली नाही म्हणायचं. फोटो काढायचा नाही, चौकशी करायची नाही. घरातली खोली भाड्याने द्यायची आणि तोंडाला कुलूप लावायचं.

रूनाकडे बर्फाचं काम होतं. आधी ते तिच्या बाबांकडे, आर्विदकडे होतं. त्यांचे गुडघे गेले तेव्हा बर्फ मोजायची सळई तिच्या हातात आली. बर्फ कुठे किती जाड आहे, कुठून गाडी न्यायची, हे ती ठरवायची. स्प्रूस झाडाच्या फांद्या रोवल्या की वाट खुली. फांदीला लाल फडकं बांधलं की जड गाड्यांना बंदी. कंपनीचा मोठ्यातला मोठा साहेबसुद्धा ते फडकं ओलांडत नसे.

दुसऱ्या दिवशी योस्ट नवा थर्मास घेऊन आला.

"भरून आणलाय. माझ्याबरोबर... म्हणजे, घेशील का एक कप?"

"श्शुप," रूना म्हणाली.

म्हणजे तसं ती काही म्हणाली नाही. ओठ जरासे मिटून तिने एक झटकन श्वास आत ओढला. उत्तरेकडची माणसं 'हो' म्हणतात ती अशी. मुळात शब्द मोजून खर्च करणारी माणसं, त्यात बाहेर एवढी थंडी... तोंड उघडून बसणार कोण? दुकानात, चर्चमध्ये, डॉक्टरसमोर, सगळीकडे हाच होकार. रूनाला तर आपण असं करतो याचा पत्ताही नव्हता.

योस्ट तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचा चेहरा पडला. "बरं... पुन्हा कधीतरी," असं पुटपुटत त्याने थर्मास तिच्या पायाशी ठेवला आणि निघून गेला.

विचित्रच आहे हा, रूनाला वाटलं. आपणच विचारतो आणि आपणच पळतो!

त्याच आठवड्यात त्याने पुन्हा धीर केला. "रविवारी मला मासे पकडायला शिकवशील?"

"श्शुप."

रविवारी रूना दोन स्टुलं, दोन गळ, कॉफी आणि कॉफीत बुडवून खायचं चीज घेऊन तळ्यावर जाऊन बसली. दुपार टळली. योस्ट आला नाही. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! ती तणतणत घरी आली, तेव्हा आर्विद चुलीपाशी पाय शेकत बसले होते.

"दोन स्टुलं कशाला नेली होतीस गं?"

"एकावर थर्मास ठेवला."

"बसला का नीट?"

"बाबा, गप्प बस."

त्यानंतरचे काही दिवस तिने योस्टला पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. गावाचा रिवाज तिला इथे चांगला उपयोगी पडला. पण एका सकाळी तिला नदीच्या मुखाजवळचं वळण तपासायचं होतं, तिची बर्फावरची स्कूटर सुरू होत नव्हती, आणि योस्ट नेमका समोरून आला.

"बस. सोडतो."

ती बसली, तोंड फुगवून. गाडी निघाली. थोडं अंतर गेल्यावर तो हळूच म्हणाला, "डोळे मिट एकदा. नुसतं ऐक."

तिने मिटले. आतून एक सलग, गुळगुळीत घूं येत होती. कुठे खळखळ नाही, हिसका नाही. आणि तिचं लक्ष सवयीने जिथे असायचं, तिथे, चाकांखाली, बर्फ कुरकुरत नव्हता.

"हलकी आहे," ती म्हणाली.

"सहा सिलिंडर, एका ओळीत." त्याचा आवाज एकदम जिवंत झाला. "सहांचा तोल सहाजणच सांभाळतात. एक वर गेला की दुसरा खाली. बाहेरून कुणी आवरायला लागत नाही. पाच वर्षं मी हेच करतोय."

"आणि ती दुसरी? घुमते ती?"

"ती आठची." तो हसला. "आठ म्हणजे श्रीमंत पाहुणा. दणक्यात येतो, सगळं घर त्याच्याकडे बघतं, पण खातो फार. धुराचे नियम आता कडक झालेत, त्यात ती बसावी म्हणून तिच्या पोटाखाली भलीमोठी बॅटरी बांधलीय. त्यामुळे वजन..."

"वजन मला सांगू नकोस. मला रोज ऐकू येतं ते."

नवी सेडान एकच होती, राजेशाही आणि तुफान वेगाची. अंगकाठी ठरलेली, आसनांचं चामडंसुद्धा ठरलेलं. ठरायचं होतं ते फक्त हृदय: सहा की आठ. दोन्ही ठेवणं कंपनीला झेपणार नव्हतं. नुसत्या विजेवर चालणारी तिसरी वेगळ्या नावाने निघणार होती, तिच्यावरून भांडण नव्हतं.

"मार्चअखेर आमच्या प्रमुख वेंडेल मॅडम येतील," योस्ट म्हणाला. "त्या दोन्ही चालवतील आणि त्याच दिवशी ठरवतील. सहा ठरली तर बर्फावरचं काम अजून दोन हिवाळे चालेल. मी इथे येत राहीन. आठ ठरली तर... तिला थंड ठेवणं हेच मोठं काम. मग प्रत्येक हिवाळ्यात मी दक्षिण आफ्रिकेत, उन्हात."

रूनाने मनातल्या मनात ते दोन हिवाळे मोजले. आणि मोजले म्हणून ती स्वतःवरच चिडली.

"तुला काय फरक पडतो? रविवारी तर आला नाहीस!"

"मी?" त्याने गाडीच थांबवली. "तू तर दचकलीस! मी विचारलं आणि तू असा... असा श्वास घेतलास. जणू मी काहीतरी भलतंच बोललो!"

"तो होकार होता!"

"तो... होकार?"

"मग काय! इथे सगळे तसंच म्हणतात!"

"म्हणजे कॉफीलाही—"

"हो!"

"मासे, कॉफी..." त्याने कपाळ स्टीअरिंगवर टेकवलं. "आणि मी खोलीत बसून विचार करतोय की, ही मुलगी मला घाबरते."

रूनाला हसू आवरेना. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. योस्टही हसत होता, पण मध्येच थांबला आणि तिच्याकडे अशा नजरेने बघू लागला की, तिने घाईघाईने बाहेर नदीकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काहीएक नव्हतं.

पुढचे रविवार मग गळाला लागले. स्टुलं दोन आणि माणसंही दोन. कॉफीत चीज बुडवणं त्याला आधी अघोरी वाटलं, मग इतकं आवडलं की, रूनाला आपला वाटा लपवावा लागे. आर्विद खिडकीतून सगळं बघत आणि काही बघितलं नाही असं म्हणत.

मार्च सरत आला. ऊन वाढलं, बर्फावर दुपारी पाणी तरंगू लागलं. मॅडम येणार त्या सकाळी रूना नदीच्या मुखाशी गेली. खालून वाहतं पाणी, त्यामुळे सगळ्या तळ्यात तिथलाच बर्फ सगळ्यात लबाड. सळईवर एक तांबडी खूण होती. बर्फ त्या खुणेपर्यंत जाड असेल तर जड गाडी जाऊ शकते, कमी असेल तर नाही.

तिने भोक पाडलं, सळई घातली. बर्फ खुणेला टेकला होता. जेमतेम, काठावर पास, पण टेकला होता.

तिने बाजूला दोन-तीन ठिकाणी पाहिलं. तेच.

मग ती तिथे उकिडवी बसली, खिशात हात घातला आणि लाल फडकं काढलं. ते बांधलं की आठची गाडी आज या वळणावर येणार नव्हती. मॅडम एकटी सहाच मनासारखी चालवतील, खूश होतील, आणि पुढच्या हिवाळ्यात योस्ट पुन्हा टोपी विसरून येईल. कुणी तपासणार नव्हतं. उलट, किती काळजी घेते पोरगी, असं म्हणतील.

तिने फडकं फांदीला बांधलं.

आपल्याला तो हवा आहे, हे तिने तेव्हा पहिल्यांदा स्वतःशी धड कबूल केलं. हवाच आहे. त्याचे लाल कान, ते इंजिनाचं वेड, सगळंच. पण बाबांच्या आणि तिच्या शब्दावर माणसं या तळ्यावरून डोळे झाकून गाड्या हाकत होती. तो शब्द आज आपल्यासाठी एकदा वाकवला, तर उद्या आपणच त्यावर पाय कसा ठेवणार? आणि योस्ट हसत समोर आला की त्याच्याकडे बघणार कसं?

रडू आलं, ते तिने येऊ दिलं. मग फडकं सोडलं आणि खिशात कोंबलं.

वेंडेल मॅडम बारीक चणीच्या आणि मोजकं बोलणाऱ्या होत्या. आधी त्यांनी सहा चालवली. मग आठ. नदीच्या वळणावर आठच्या वजनाने बर्फ लांबलचक कण्हला, रूनाने श्वास रोखला, पण बर्फाने शब्द पाळला. गाडी घुमत पार झाली.

मॅडम उतरल्या, योस्टकडे वळल्या. "इंजिन तुझं आहे. तूच सांग."

सगळे त्याच्याकडे बघत होते. रूनाही.

"बर्फावर सहाच," तो म्हणाला. "नाक हलकं आहे, वळणात सांगितलेलं ऐकते. पण..." त्याने आठच्या गाडीकडे बोट केलं. "मॅडम, आठ सुरू केलीत तेव्हा तुम्ही हसलात. सहाच्या वेळी नाही हसलात. एवढी महाग गाडी घेणारा माणूस त्या हसण्यासाठीच घेतो."

मॅडमनी हातमोजा काढला. "स्वतःचं इंजिन स्वतःच पाडलंस, योस्ट," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी त्याचा हात हातात घेऊन दाबला. संध्याकाळपर्यंत आठ ठरली.

दुसऱ्या दिवशी झाकलेल्या गाड्या बंद ट्रकांत चढल्या. योस्ट पायी तळ्यावर आला. टोपी घालून आला होता. नवीन होती, कानांवर नीट बसत नव्हती.

"काल सकाळी मी दुर्बिणीतून वळण बघत होतो," तो म्हणाला. "लाल फडकं दिसलं. मग दिसेनासं झालं."

रूनाने मान खाली घातली. "बांधलं होतं मी. तुझ्यासाठी... नाही, माझ्यासाठीच."

"माहीत आहे."

"रागावलास? ते राहू दिलं असतं तर..."

"तर मीही मॅडमना गोड गोड सांगितलं असतं. फडकं सुटलेलं पाहिलं आणि मग मला खोटं बोलवेना." तो तिच्या शेजारच्या स्टुलावर बसला. "वाईट वाटतंय, रूना. खूप वाटतंय. पाच वर्षं कमी नसतात."

तिने त्याला कॉफी ओतून दिली. चीजचे सगळे तुकडे त्याच्याच कपात टाकले. दोघं पाण्याने चमकणाऱ्या बर्फाकडे बघत बसले.

"बर्फ वितळल्यावर तू काय करतेस?" त्याने विचारलं.

असं तिला आजवर बाहेरच्या एकाही माणसाने विचारलं नव्हतं. त्यांच्या लेखी बर्फाबरोबर तीही वितळून जायची.

"होडी रंगवते. जाळी टाकते. जूनमध्ये सूर्य मावळायचं नाव घेत नाही. डास असतात... भयंकर. कुणी येत नाही तेव्हा. चाचणीसारखं काही नसतंच."

"माझे हिवाळे आता आफ्रिकेचे. जून माझा आहे." त्याने कप खाली ठेवला. "गाडी नाही, इंजिन नाही, काही काम नाही... नुसता तुझ्यासाठी आलो तर चालेल? मला तू आवडतेस, रूना. फार आवडतेस."

रूनाने श्वास आत ओढला.

योस्टने टोपी एका बाजूने वर केली. मग कान पुढे करून म्हणाला, "नीट ऐकू आलं नाही."

"जन्मभर इंजिनांचे श्वास ऐकत आलास ना रे!"

"इंजिनं पुन्हा पुन्हा घेतात."

मग रूनाने त्याची ती वाकडी टोपी दोन्ही हातांनी कानांवर नीट ओढली, त्याच्या अगदी जवळ गेली आणि पुन्हा एकदा हो म्हणाली, त्यांच्याकडे म्हणतात तसंच.